छोट्या फाईलीत माय मावंना

यंदा फाल्गुन सरायच्या आतच आमच्या गल्लीत टँकर यायला लागला. ड्रायव्हर हॉर्न देत नाही, वळणावर आला की टँकरच्या दाराच्या पत्र्यावर बाहेरून हात मारतो. त्या आवाजासरशी बायका घागरी आणि प्लॅस्टिकचे हंडे घेऊन धावतात. मी कळंबात राहतो. सरकारी नोकरीत पोरांना वायरी जोडायला शिकवण्यात जन्म गेला, आता निवृत्त आहे. घरच्या बोअरला अजून पाणी आहे, मला टँकरपुढं उभं राहावं लागत नाही. तरी पत्र्यावर हात पडला की माझ्या कपाळाची शीर ताठ होते. उन्हाळा आला की लोकांना आंबे आठवतात, मामाचं गाव आठवतं. मला एक माणूस आठवतो आणि त्याचं वाटोळं व्हावं असं वाटतं. हे काही बरं नव्हे, कळतंय मला. "आता वय झालं, सोडून द्या," असं बायको म्हणते. मी हो म्हणतो आणि सोडत नाही.

पाडव्याच्या आधी त्या माणसाच्या नातवाचा फोन आला. आमच्या गावच्या उपसा सिंचन सोसायटीचे जुने चेअरमन, सगळा गाव ज्यांना आबासाहेब म्हणतो, त्यांचा हा नातू विक्रम. पोरगा गोड बोलणारा. "काका, सोसायटीला पन्नास वर्षं व्हायलीत. आबांचा सत्कार ठेवलाय, स्मरणिका बी काढलीय. आबांचं जुनं भाषण तुमच्याकडं कॅसेटवर हाय म्हणं?"

"कोण म्हणलं?"

"आबाच म्हणाले. त्या पारूबाईच्या पोराकडं असंल म्हणले. तेवढं छोटी फाईल करून गावाच्या ग्रुपवर टाका की. मोठी असली की लोकं उघडत न्हाईत."

करतो म्हणालो आणि फोन ठेवला. नव्वदीतल्या म्हाताऱ्याला माझ्या मायचं नाव ध्यानात होतं. म्हणजे बाकीचंही असणार. इतकी वर्षं मी मनाची समजूत घालत आलो होतो की विसरला असेल. विसरलेल्या माणसावर राग धरून करायचं काय? आता ती पळवाटही गेली. मला चक्क बरं वाटलं. माळ्यावरून पत्र्याची पेटी काढली, त्यात ती कॅसेट होती. तिच्यावर माझ्याच कोवळ्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'सभा'.

तो उन्हाळा ऐंशीच्या दशकातला. मी बाविशीचा, आयटीआय करून कळंबच्या एका दुकानात रेडिओ दुरुस्त करत होतो आणि रोज गावाहून एस्टीनं ये-जा करत होतो. सलग दोन पावसाळे कोरडे गेले होते. तलावाच्या तळाला ढेकळं उलून वर आली होती आणि त्यांच्या फटीत मेलेले मासे वाळून चिकटले होते. उरलेल्या डबक्यावर सोसायटीचं इंजिन चालायचं. त्याचा डिझेलचा वास आणि धकधक दिवसभर शिवारावर असायची, आणि पाइपलाइन आमच्या बौद्धवस्तीच्या कडेनं आबासाहेबांच्या उसाकडं जायची. त्या पाइपाला वस्तीपुरती एक तोटी होती. सोसायटी उभी राहिली तेव्हा माझ्या बापानं पाइपासाठी आमच्या रानातून चर खणू दिला, त्या बोलीत ती मिळालेली. बाप गेल्यावर त्याचं सभासदत्व मायच्या नावावर आलं. सगळ्या सोसायटीत ती एकटी बाई सभासद. वस्तीवरच्या बायका त्या तोटीला पारूची तोटी म्हणायच्या आणि मायला ते आवडायचं.

त्या चैत्रात आबासाहेबांचा निरोप आला की सोसायटीच्या सभेत त्यांचं भाषण टेप करायचंय, पुढं निवडणुकीत उपयोगी पडेल. खोटं कशाला बोलू, मला लई भारी वाटलं होतं. दुकानमालकाचा टेपरेकॉर्डर मागून आणला, नवी कॅसेट घेतली, इस्त्रीचा शर्ट घातला. सभा सोसायटीच्या गोदामात. युरियाच्या पोत्यांचा डोळे चुरचुरवणारा वास, शहाबादी फरशीवर सतरंज्या, वर खडखडणारा पंखा. वस्तीतले चार बाप्ये मागच्या सतरंजीवर. माय दाराशी उभी राहिली, बायामाणसानं बसावं अशी तिथं जागाच नव्हती.

आमच्याकडं सभेची एक रीत होती आणि तिच्यातच सगळी मेख होती. दारात शिरतानाच सेक्रेटरी प्रोसिडिंगचं बुक पुढं करायचा. हजेरीची सही आधी, सभा नंतर, आणि ठराव सावकाश घरी बसून लिहायचे. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. मायला तर त्या सहीचा अभिमान होता. अंगठा सोडून सही करायला मी तिला पाटीवर शिकवलं होतं, अख्खा एक हिवाळा लागला होता. त्या दिवशी तिनं दाराशी वाकून स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं सावकाश लिहिलं. मागं रांग खोळंबली, सेक्रेटरी च् च् करत राहिला. तिनं मान वर केली नाही.

भाषण झालं. दुष्काळाशी झुंज, सहकाराची गंगा, एकमेकांना साह्य, सगळं झालं. मग शेवटाला, चहा आला आला म्हणेस्तोवर, आबासाहेब म्हणाले की पाऊस पडेपर्यंत वस्तीकडची तोटी बंद ठेवावी, उभं पीक जगलं तर सोसायटी जगंल. पुढच्या सतरंजीवरून "मंजूर, मंजूर" असा गिल्ला झाला. मी यंत्रापाशी बसलो होतो, काटा हलताना बघत होतो. मान वर केली तेव्हा मायचा हात दाराच्या चौकटीवर होता आणि तिचं तोंड हलत होतं. इतकंच मला आठवायचं. मग चहाच्या बशा वाजायला लागल्या.

चौथ्या दिवशी सोसायटीचा माणूस पाना घेऊन आला, तोटी काढून खिशात घातली आणि पाइपाला गुल्ली ठोकून गेला. त्यानंतर पाणी माळापलीकडच्या विहिरीवरून. जायला तास, भरायला तास, यायला तास, आणि उन्हाची झळ अशी की मधल्या बाभळीखाली हंडा उतरवला तर परत डोक्यावर घ्यायची छाती होत नसे. मायच्या टाळूवरचे केस त्या उन्हाळ्यात चुंबळीखाली गेले ते परत आले नाहीत. पुढं मरेपर्यंत ती पदर कपाळापर्यंत ओढून बसायची. आमच्या तोटीचं पाणी शेजारच्या पाइपातून उसाला चाललेलं असायचं, आणि पाइपाला कान लावला की ते ऐकू यायचं. पोरं लावायची कान. मीही लावला आहे.

वैशाखात माय आणि मी एस्टीनं सहकार खात्याच्या वरच्या साहेबाकडं गेलो. त्यानं फाईल मागवली. ठरावात लिहिलं होतं, 'सर्वानुमते मंजूर', आणि खाली सह्या. साहेबानं बोट ठेवलं. "ही सही तुमचीच ना, बाई?"

"व्हय, सायब."

"मग आता तक्रार कसली?"

"ती सही म्या आल्याची हाय सायब. ठरावाची न्हाय. म्या तर उभी राहून नको म्हणले व्हते."

मी मोठ्या ऐटीत पिशवीतून टेपरेकॉर्डर काढला. आधी भाषण वाजलं, मग मंजूर मंजूर, मग बशा. साहेबानं कान पुढं केला, दोनदा ऐकलं आणि शिपायाकडं बघून हसला. "मला तर निस्ता पंखा ऐकू यायलाय. बाई कुठंय यात?"

परतीच्या एस्टीत माय खिडकीकडं तोंड करून बसली होती. गाव जवळ आल्यावर म्हणाली, "तुझ्या मशिनीत म्या न्हाईच का रं?" मी म्हणालो, मशीन साधी आहे, बारका आवाज धरत नाही. वस्तीतले लोकही नंतर म्हणायला लागले, पारू, तू उभी व्हतीस हे खरं, पन बोललीस कवा? ज्यांना उद्या आबासाहेबांच्या उसात कामाला जायचं होतं, ते दुसरं काय म्हणणार. माय एकटी पडली. पुढं कुठलाही विषय निघो, लग्नाचा की बारशाचा, मध्येच तिचं सुरू व्हायचं, "म्या बोलले व्हते." नातवंडं हसायची. शेवटच्या आजारपणात नर्सला सांगत होती. मी तिथंच होतो.

म्हणून सांगतो, मला सूड हवा होता. न्याय वगैरे मोठे शब्द मला नकोत. त्या म्हाताऱ्याच्या गळ्यात हार पडत असताना सगळ्या गावाच्या खिशातून माझी माय बोलावी, एवढंच हवं होतं. फाईलीला नाव द्यायचं 'आबासाहेबांचं भाषण', म्हणजे झाडून सगळे उघडतील. मंडप, फेटे, पाहुणे, आणि मध्येच मायचा आवाज. हे चित्र डोळ्यांपुढं आणून मी दोन-दोन तास आरामखुर्चीत सुखानं बसायचो.

कॅसेट वाजवायलाच आठ दिवस गेले. जुन्या डेकातला रबरी पट्टा विरघळून डांबर झालं होतं, तो बदलला. फीत फुटली नव्हती हे नशीब. आवाज कॉम्प्युटरात घेतला आणि नेहमीच्या सॉफ्टवेअरनं दाबून छोटी फाईल केली. काय सुरेख झाली म्हणता. आबासाहेब जणू आमच्या ओट्यावर बसून बोलत होते. गिल्ला झाला, बशा वाजल्या आणि संपलं. मूळ आवाजात त्या गिल्ल्याखाली काहीतरी हलत होतं, खरखरीत, अर्धवट, पण होतं. छोट्या फाईलीत ती जागा सारवलेल्या जमिनीसारखी साफ.

असं का होतं ते मला माहीत होतं, पोरांना शिकवलंही होतं, पण अंगाला लागलं ते त्या दिवशी. आवाज दाबण्याची ही जी रूढ पद्धत आहे, तिचं सगळं गणित माणसाच्या कानावर उभं आहे. मोठ्या आवाजाच्या शेजारी बारका आवाज असेल तर कानाला तो तसाही कळत नाही, मग तो लिहायचाच कशाला? टाकून द्यायचा. जागा वाचते आणि ऐकणाऱ्याला कळतही नाही की काही गेलं. हुशारीच आहे, नाही कोण म्हणतो. पण हा नियम काढणारा माणूस आमच्या सोसायटीत सेक्रेटरी म्हणून सहज खपला असता. मी कॉम्प्युटरला तोंडात येतील त्या शिव्या दिल्या. बायको ताक घेऊन आली होती, ती तशीच मागं फिरली.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःचा प्रोग्रॅम लिहायला बसलो. साधाच. त्यात एकच अट घातली होती, टाकायचं काही नाही. आवाज म्हणजे शेवटी आकड्यांची रांग, सेकंदाला आठ हजार आकडे. प्रत्येक आकडा पुरा लिहिला तर फाईल फुगते. पण शेजारशेजारचे आकडे फारसे वेगळे नसतात, म्हणून पहिला पुरा लिहायचा आणि पुढं नुसता फरक लिहीत जायचं. चाळीस, मग दोननं जास्त, मग एकनं कमी. फरक लहान, म्हणून जागाही कमी. माय लोकांची वयं अशीच सांगायची. वर्ष तिला ठाऊक नसायचं, पण शांता तुझ्याहून एका पावसाळ्यानं मोठी, तिच्याहून रतन दोन सुगींनी धाकली. अशी अख्ख्या वस्तीची वयं तिच्या तोंडात होती आणि कधी चुकायची नाहीत.

माझी आकड्यांची रांग मात्र चुकली. फरकाला मी जेवढी जागा ठेवली होती तिच्यात मोठा फरक मावेना, आणि एक आकडा चुकला की त्याच्या जिवावरचे पुढचे सगळे चुकायचे. फाट्दिशी आवाज व्हायचा आणि पुढं नुसता चरचराट. बघतो तर प्रोग्रॅम दर वेळी एकाच जागी आडवा. आबासाहेब सहकाराची गंगा म्हणताना टेबलावर हात आपटतात, तिथं. चाळीस वर्षांनंतरही हा माणूस माझ्या कामात आडवा येत होता. चार दिवस डोकं आपटल्यावर तोड निघाली. फरक मावत नसेल तिथं एक खूण टाकायची आणि पुरा आकडा लिहून पुढं जायचं. फाईल निम्म्यावर आली. नेहमीच्या पद्धतीनं ती दहाव्या हिश्शावर आली असती. पण हिच्यातून उलटा आवाज काढला की मूळच्या रांगेतला आकडा न् आकडा परत येत होता.

मग दुसरं काम, मायला वर काढायचं. पंख्याची घरघर एका ठरावीक सुराची होती, ती तेवढीच गाळली. बायकांच्या आवाजाची पट्टी उचलली. दुपारी जेवलं की दारं लावायची, घरातलाही पंखा बंद करायचा, कानावर हेडफोन आणि अंगातून घामाच्या धारा. बाहेर टँकर पत्रा वाजवून जायचा, मला पत्ता नसायचा. एकेका सेकंदाशी तास गेला. "मंजूर" म्हणणारे एकेक ओळखू यायला लागले, त्यातले बहुतेक आता मेलेत. आणि एका दुपारी त्यांच्या मधल्या फटीतून माय आली.

"आमची तोटी बंद करायला माझा इरोध हाय. माझं नाव लिहा. पारूबाई. लिहाऽ तुमी, म्या इथंच उभी हाय."

स्पष्ट. गावरान, जरा चिरका, घाबरलेला आणि तरी न थांबणारा आवाज. मी हेडफोन काढून टेबलावर बुक्क्या मारल्या. रडलो. बायकोला बोलावून ऐकवलं, तीही पदर तोंडाला लावून उभी राहिली. माय बोलली होती. चांगली दणक्यात बोलली होती, नाव सांगून बोलली होती. आता बघतो म्हाताऱ्याला, असं मी मोठ्यानं म्हणालोसुद्धा.

बायको गेल्यावर पुढचं ऐकलं. तिचा आवाज एकदम का तुटतो ते मला कळत नव्हतं. बशांच्या आधी फरशीवर चपला वाजतात, यंत्रापासून दूर, दाराकडं जाणाऱ्या. मग एका तरण्या माणसाचा दबका आवाज.

"माय, बस खाली. लोक बघायलेत. भाषण टेप व्हायलंय."

आणि माय गप्प.

मी ते परत लावलं नाही, गरजच नव्हती. आवाज माझा होता. माझ्या आठवणीत मी यंत्रापासून हललोच नव्हतो, काटा बघत बसलो होतो. चाळीस वर्षं मी तिथंच बसून होतो. मायला मात्र माहीत होतं. एस्टीत माहीत होतं, साहेबापुढं माहीत होतं, दवाखान्यात माहीत होतं. "म्या बोलले व्हते" एवढंच ती जन्मभर म्हणाली, मला कुणी गप्प केलं ते कधीच बोलली नाही.

दोन दिवस मी कॉम्प्युटरला हात लावला नाही. सगळा मिळून चार सेकंदांचा मामला. मायच्या 'उभी हाय'पाशी तोडलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं, माझ्या प्रोग्रॅममध्ये ती एका ओळीची गोष्ट. तशी ओळ मी लिहिलीही. विक्रमचे दोन फोन येऊन गेले, "काका, फाईल झाली का?" ती ओळ बघत बसलो आणि मग पुसली. माझ्या मायला प्रोसिडिंगातून एकदा गाळलं होतं, आता मी स्वतःला गाळून घेणार होतो, तेही तिच्याच जिवावर. सूड घ्यायचा तर अर्धा कशाला घ्यायचा?

सत्काराच्या सकाळी फाईल कुणाच्याही मोबाइलवर वाजेल अशी पुरी उलगडली आणि ग्रुपवर टाकली. मोठी होती, चढायला वेळ लागला. खाली लिहिलं, भाषण चेअरमनांचं, विरोध पारूबाईचा, आणि तिला खाली बसवणारा तिचा मुलगा, म्हणजे मी. नाव पुरं लिहिलं, बापाच्या नावासकट. ज्यांनी ज्यांनी उघडलं त्यांची यादी वाढत गेली. कुणी काही लिहीना. रोज सकाळी फुलांची चित्रं टाकणारेही गप्प. अकरा वाजता विक्रमचा फोन आला. मागं लाउडस्पीकरची चाचणी चालली होती.

"काका, आबांनी ऐकलं. दोनदा लावायला लावलं."

"काय म्हणले?"

"म्हणले, म्या त्या बाईला बस म्हणलो नव्हतो."

ते खरं होतं. सगळ्या कॅसेटमध्ये त्या माणसानं तिला एकदाही बस म्हटलेलं नाही. ते काम त्याला करावंच लागलं नाही. इतक्या वर्षांत त्याचा एवढा राग मला कधी आला नव्हता, आणि त्याच्याइतकाच स्वतःचा.

"बरोबर हाय त्यांचं," मी म्हणालो. "तुमच्या स्मरणिकेत तो जुना ठराव छापलाय का?"

"छापलाय की. पहिल्या दहा वर्षांतले सगळे ठराव हायत."

"त्याच्या खाली लिही, पारूबाईचा विरोध होता."

"काका, पुस्तकं छापून आली. पाचशे प्रती मांडवात येऊन पडल्यात. आता कुठं लिहायचं?"

"तू नको लिहू," मी म्हणालो. "मी येतो. मला एक टेबल दे आणि मी लिहीपर्यंत एक बी पुस्तक वाटू नको."

पेन खिशात अडकवलं आणि साडेअकराच्या एस्टीला बसलो.